पाच मेचा फलक : गावासाठी दिनविशेष कसा तयार करावा

सकाळी सहाच्या आत मोबाइलवर 'आजचे दिनविशेष' येऊन पडलेले असतात. पंचवीस-तीस ओळी, प्रत्येकीपुढे एक साल, कोणाचा जन्म, कोणाचा मृत्यू, एखादे युद्ध, एखादा शोध. वाचणारा अंगठ्याने यादी वर सारतो आणि पुढच्या गटात ढकलून देतो. तीच यादी मग कुठे शाळेच्या फळ्यावर उतरते, कुठे वाचनालयाच्या दाराशी लागते, कुठे परिपाठात एका दमात वाचली जाते. तिच्यात आपल्या गावाचे काही नसते, तालुक्याचे नसते, आणि त्यातले खरे किती हे कोणी पाहिलेले नसते.

तासभर वेळ दिला तर याहून कितीतरी बरा दिनविशेष गावातच तयार होतो. शिक्षक, ग्रंथपाल, वाचनालयाचे सभासद, मंडळातली मुले, निवृत्त झालेले आणि हाती वेळ असलेले लोक, कोणीही हे काम करू शकतो. पद्धत समजावी म्हणून इथे एकच तारीख शेवटपर्यंत नेऊ : ५ मे. गाव नशिराबाद. जळगाव–भुसावळ महामार्गावरच्या या गावात फलक लावायचा तर ही तारीख निवडण्याला कारण आहे. त्या दिवसाची पहिली ओळ गावापासून तीन-चार किलोमीटरवर घडली आहे.

सुरुवात पायी जाता येईल तिथून

५ मे १९१८, रविवार. त्र्यंबक बापूजी ठोमरे, म्हणजे आपले बालकवी, भादली स्थानकाजवळ रेल्वे अपघातात गेले. 'फुलराणी', 'औदुंबर', 'श्रावणमास' या कविता महाराष्ट्रातल्या कित्येक पिढ्यांनी शाळेत पाठ केल्या. पण त्यांचा कवी आपल्या शेजारच्या स्टेशनाजवळ संपला, हे रोज भुसावळ–जळगाव ये-जा करणाऱ्या किती जणांना माहीत असेल?

त्यांचा जन्म १३ ऑगस्ट १८९० चा, धरणगावचा. १९०७ मध्ये जळगावला पहिले महाराष्ट्र कविसंमेलन भरले. या कोवळ्या मुलाची कविता ऐकून संमेलनाचे अध्यक्ष डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर यांनी त्याला 'बालकवी' ही पदवी दिली. म्हणजे जन्म, नाव आणि मृत्यू, तिन्ही आपल्या जिल्ह्यातले.

आता याच पट्ट्यातले दुसरे गाव घ्या, असोदे. बहिणाबाई चौधरींचे ते माहेर. १९१८ साली त्या सदतीस-अडतीस वर्षांच्या होत्या, जळगावला सासरी राबत होत्या आणि काम करता करता ओव्या रचत होत्या. त्या वेळी त्यांना कवयित्री म्हणून ओळखणारे घराबाहेर कोणी नव्हते. ३ डिसेंबर १९५१ ला त्या गेल्या आणि १९५२ मध्ये 'बहिणाबाईंची गाणी' हे पुस्तक आले. नावारूपाला आलेला तरुण कवी भादलीला संपला, तेव्हा नाव नसलेली तितकीच मोठी कवयित्री काही कोसांवर शेतात काम करत होती. अशी जोडणी बाहेरून आलेल्या यादीत सापडणार नाही. ती गावातल्या माणसालाच सुचते, आणि फलक वाचायला लोक थांबतात ते अशा ओळीसाठी.

म्हणून पहिला नियम : तारीख हातात घेतली की आधी गाव पाहा, मग तालुका, मग जिल्हा, मग जुना पूर्व-पश्चिम खान्देश. इथे काही सापडले तर ती ओळ सर्वांत वर. सापडले नाही तर ओढूनताणून आणू नका, त्या दिवशी पहिली ओळ महाराष्ट्राची असेल.

मग वर्तुळ वाढवा

५ मेच्या जगभरच्या नोंदी काढल्या तर पन्नास मिळतील. त्यातल्या सहाच घ्यायच्या. निवडताना प्रत्येक नोंदीला तीन प्रश्न विचारा. इथल्या वाचणाऱ्याला तिचा काही धागा लागतो का? ती तपासता येते का? आज तिच्याशी जोडून काही ऐकता, पाहता, करता येईल का? तीनपैकी दोन उत्तरे 'हो' आली तर नोंद ठेवा.

५ मेला हा निकष लावून पाहू.

१९३० : मिठाचा सत्याग्रह चालू असताना गांधीजींना दांडीजवळच्या कराडी गावात मध्यरात्रीनंतर अटक झाली आणि खटला न चालवता पुण्याच्या येरवडा तुरुंगात ठेवले गेले. दांडी यात्रा सगळ्यांना ठाऊक असते, तिचा येरवड्यापर्यंत आलेला शेवट कमी जणांना. ठेवा.

१९११ : चितगावच्या क्रांतिकारक प्रीतिलता वड्डेदार यांचा जन्म. पहाडतलीच्या युरोपियन क्लबवरच्या १९३२ च्या हल्ल्याचे नेतृत्व त्यांनी केले, तेव्हा त्या अवघ्या एकवीस वर्षांच्या होत्या. मुलींच्या शाळेत फलक लागणार असेल तर ही नोंद हवीच.

१९१६ : ग्यानी झैलसिंग यांचा जन्म. भारताचे सातवे राष्ट्रपती. धागा आहे, पण आज करण्यासारखे काही नाही. जागा उरली तर घ्या.

१९६१ : अॅलन शेपर्ड हे अवकाशात जाणारे पहिले अमेरिकी ठरले. उड्डाण जेमतेम पंधरा मिनिटांचे. गागारिन त्यांच्या आधी तेवीसच दिवस, १२ एप्रिलला जाऊन आले होते. मुलांना हा फरक फार आवडतो.

२०१७ : श्रीहरिकोट्याहून जीसॅट-९, म्हणजे 'दक्षिण आशिया उपग्रह', अवकाशात गेला. शेपर्ड आणि हा उपग्रह, दोन्ही घेतले तर फलक अवकाशाचाच होईल. एक घ्या.

२००६ : संगीतकार नौशाद यांचे मुंबईत निधन. 'बैजू बावरा', 'मदर इंडिया', 'मुघल-ए-आझम' यांचे संगीत त्यांचे. सिनेमाची किंवा गाण्याची एक ओळ फलकावर असलीच पाहिजे. इतिहासाला हात न लावणारा माणूसही तिच्यासाठी थांबतो आणि मग वरच्या ओळी वाचतो.

२०२३ : कोविडची जागतिक आरोग्य आणीबाणी संपल्याची घोषणा जागतिक आरोग्य संघटनेने केली. ती आणीबाणी ३० जानेवारी २०२० ला लागू झाली होती. ही घटना वाचणाऱ्या प्रत्येकाने जगलेली आहे. दिनविशेष म्हणजे पणजोबांच्या काळातलेच काही, हा समज अशा एका ओळीने जातो.

कार्ल मार्क्सचा जन्म १८१८ चा, नेपोलियनचा मृत्यू १८२१ चा, दोन्ही ५ मेचेच. नावे मोठी आहेत, पण भादलीसाठी जागा करायची तर त्यांना एखाद्या वर्षी बाजूला बसवायला हरकत नाही. फलक दरवर्षी लागणार आहे. वरची ओळ कायम ठेवून खालच्या पाच दरवर्षी बदला.

आणि दरवर्षी येणारा दिवस म्हणून ५ मे हा आंतरराष्ट्रीय सुईण दिन आहे. गावाच्या आरोग्य केंद्रातल्या सिस्टर, आशाताई आणि जुन्या जाणत्या सुइणी यांना त्या दिवशी दोन शब्द बोलायला बोलावता येते. यापेक्षा सोपा कार्यक्रम नाही.

तपासायचे कसे

दहा संकेतस्थळांवर एकच तारीख दिसली म्हणजे दहा पुरावे झाले, असे नाही. बहुतेकांनी एकमेकांचे उतरवलेले असते, तो एकच पुरावा. मोबाइलला विचारून मिळालेले उत्तर हीही फक्त सुरुवात समजा. दोन वेगळ्या वाटांनी आलेली दोन साधने जुळली की मगच खडू उचला.

व्यक्तींसाठी मराठी विश्वकोश घरबसल्या फुकट पाहता येतो. जागा, गावे, जुने रस्ते, रेल्वे यांसाठी जळगाव आणि धुळे जिल्ह्यांचे गॅझेटियर आहे, जिल्हा ग्रंथालयात विचारा. अलीकडच्या घटनेसाठी ज्या संस्थेने ती घडवली तिचीच नोंद पाहा : उपग्रहासाठी इस्रो, आरोग्याच्या घोषणेसाठी जागतिक आरोग्य संघटना. चरित्रापेक्षा त्या काळचे वर्तमानपत्र बरे, पण बातमी दुसऱ्या दिवशी छापली जाते हे विसरू नका. ६ मेच्या अंकातली 'काल' म्हणजे ५ मे.

एक झटपट चाचणी वाराची. मोबाइलचे कॅलेंडर मागे नेले तर ५ मे १९१८ ला रविवार दिसतो. एखाद्या आठवणीत तारीख ५ मे आणि वार गुरुवार असे लिहिलेले आढळले, तर दोन्हींपैकी एक चुकले आहे. तारीख लगेच खोटी ठरवू नका, पण आणखी शोधल्याशिवाय लिहूही नका.

पाच फसव्या जागा

तिथी आणि तारीख. बहिणाबाईंची जन्मतारीख बहुतेक ठिकाणी २४ ऑगस्ट १८८० अशी छापलेली असते आणि त्याच दमात 'नागपंचमीला जन्म' असेही सांगितले जाते. पंचांग मागे मोजत नेले तर त्या वर्षीची नागपंचमी १०-११ ऑगस्टच्या आसपास येते, २४ ला येत नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकत नाहीत. अशा वेळी जयंती रूढ तारखेला जरूर करा, पण नागपंचमीचा उल्लेख त्या ओळीत घालू नका. ३ डिसेंबर या स्मृतिदिनाबद्दल असा घोळ नाही, मोठा कार्यक्रम त्या दिवशी ठेवणे उत्तम. शिवजयंतीचेही तसेच : शासन १९ फेब्रुवारी मानते, अनेक घरांत फाल्गुन वद्य तृतीयेला पूजा होते. फलकावर तारीख लिहिली असेल तर ती तारखेची जयंती, एवढे स्पष्ट असावे.

मध्यरात्र. गांधीजींना झोपेतून उठवून अटक झाली ती रात्र ४ मेची, पण घड्याळात बारा वाजून गेले होते. म्हणून तारीख ५ मे. भोपाळच्या वायुदुर्घटनेचेही असेच, २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधली रात्र. अशा घटनांना 'मध्यरात्रीनंतर' हा शब्द जोडून द्या, वाद मिटतो.

परदेशातले घड्याळ. नील आर्मस्ट्राँगने चंद्रावर पाऊल ठेवले तेव्हा अमेरिकेत २० जुलै १९६९ ची रात्र होती आणि आपल्याकडे २१ जुलैची सकाळ. दोन्ही तारखा बरोबर आहेत. गावाने एक पद्धत ठरवावी, घटना जिथे नोंदली गेली तिथली तारीख घ्यावी आणि दरवर्षी तीच पाळावी.

वय आणि वर्षे. बालकवी गेले तेव्हा किती वर्षांचे होते? काही ठिकाणी २७, काही ठिकाणी २८ सापडते. ऑगस्ट १८९० ते मे १९१८ मोजा : सत्तावीस वर्षे पूर्ण झाली होती, अठ्ठाविसावे चालू होते. 'वय २७' किंवा 'अठ्ठाविसाव्या वर्षी', दोन्ही चालेल. 'वय २८' चालणार नाही. शताब्दीचा हिशोबही असाच, शंभर वर्षे पूर्ण होतात त्या दिवशी ती येते. भादलीच्या अपघाताला शंभर वर्षे ५ मे २०१८ ला झाली. योगायोग असा की बालकवींचा शेवटचा दिवस हा मार्क्सच्या जन्माचा बरोबर शंभरावा वाढदिवस होता.

एकसारखी नावे. तुकाराममहाराजांना गुरू मानणाऱ्या संत बहिणाबाई सतराव्या शतकातल्या. बहिणाबाई चौधरी त्यांच्या अडीचशे वर्षे नंतरच्या. एकीच्या नावाखाली दुसरीचे चित्र, एकीची ओळ दुसरीच्या नावावर, हे सर्रास होते. छायाचित्र लावताना ते कोणाचे, हे पुस्तकातल्या छापील चित्राशी ताडून पाहा.

ओळ कशी लिहावी

'१९१८ : बालकवी यांचे निधन' ही ओळ बरोबर आहे, पण तिच्यासाठी कोणी थांबणार नाही. स्थळ आणि एक ठोस तपशील घाला : '१९१८ : बालकवी ठोमरे यांचे आपल्या शेजारच्या भादली स्थानकाजवळ रेल्वे अपघातात निधन, वय २७.' शब्द आठ-नऊच वाढले, पण आता ती ओळ नशिराबादची झाली.

विशेषणे गाळा. 'थोर', 'महान', 'अजरामर' लिहायला जी जागा जाते तिच्यात एक गाव किंवा एक पुस्तक बसते. मृत्यूच्या नोंदीत फक्त जे पक्के माहीत आहे तेच लिहा. बालकवींच्या अपघाताभोवती नाना कथा सांगितल्या जातात. त्या चावडीवर ठीक, फलकावर 'रेल्वे अपघात' एवढेच. दंगली, जातीय घटना, ताजे राजकारण यांच्या नोंदी टाळायच्या नसतात, पण त्या दोघांनी वाचून मगच लावाव्यात.

कविता किंवा गाणे पूर्ण उतरवण्याआधी हक्कांचा विचार करा. आपल्या कायद्यानुसार लेखक गेल्यानंतर साठ वर्षांनी त्याचे लेखन सर्वांसाठी खुले होते. बालकवींची कविता फलकाशेजारी संपूर्ण लावायला म्हणून अडचण नाही. चित्रपटगीत मात्र नुसते नावाने सांगावे आणि रेडिओवर ऐकावे.

तयार फलक असा दिसेल :

५ मे
१९१८ : 'बालकवी' त्र्यंबक बापूजी ठोमरे (जन्मगाव धरणगाव) यांचे शेजारच्या भादली स्थानकाजवळ रेल्वे अपघातात निधन, वय २७.
१९३० : मिठाच्या सत्याग्रहात गांधीजींना मध्यरात्रीनंतर कराडी येथे अटक, येरवडा तुरुंगात रवानगी.
१९६१ : अॅलन शेपर्ड यांचे पंधरा मिनिटांचे अवकाश उड्डाण, गागारिननंतर तेवीस दिवसांनी.
२००६ : 'मुघल-ए-आझम'चे संगीतकार नौशाद यांचे निधन.
२०२३ : कोविडची जागतिक आणीबाणी संपल्याची घोषणा.
आज आंतरराष्ट्रीय सुईण दिन.
आज सायंकाळी वाचनालयात : 'फुलराणी'चे वाचन, सर्वांना निमंत्रण.

शेवटची ओळ विसरू नका. वाचून झाल्यावर माणसाला जायला एक जागा हवी. पाच मुले आणि दोन आजोबा आले तरी कार्यक्रम झाला.

लावायचा कुठे आणि कधी

५ मेला शाळांना उन्हाळी सुटी असते, शाळेचा फळा कोरा. जळगावचा पारा त्या दिवसांत ४४-४५ ला सहज टेकतो. तेव्हा फलक वाचनालय, बसथांबा, दूध संकलन केंद्र यांपैकी अशा ठिकाणी लावा जिथे सकाळी नऊपर्यंत वर्दळ असते आणि सावली असते. आदल्या संध्याकाळी लिहून ठेवा. अक्षर चार पावलांवरून वाचता आले पाहिजे. सहा ओळींची मर्यादा त्यासाठीच. गावातल्या उर्दू शाळेची मुले हाताशी असतील तर पहिली ओळ खाली उर्दूतही लिहून घ्या.

मोबाइलच्या गटात पाठवायचे असेल तर फलकाचा फोटो पाठवा, मजकूर नको. मजकूर पुढे जाताना बदलतो, फोटोत गावाचे नाव आणि तुमचे अक्षर राहते. शाळेला बालकवी हवे असतील तर त्यांची जयंती १३ ऑगस्टला आहे, तेव्हा शाळा भरलेली असते.

वर्षाची वही

एक जाड वही घ्या, प्रत्येक तारखेला एक पान द्या. नोंद, साधन, आणि तपासणाऱ्याचे नाव असे तीन रकाने पाडा. सुरुवातीचे भांडवल म्हणून खान्देशच्या आणि आसपासच्या काही तारखा : ९ ते १३ फेब्रुवारी १९३३, साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिली, अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये ते आधी शिक्षक होते. २८ एप्रिल १८१९, जॉन स्मिथ हा इंग्रज अधिकारी अजिंठ्याच्या लेण्यात पोचला. २७ मे १९३८, भालचंद्र नेमाडे यांचा सांगवीला जन्म. ११ जून १९५०, साने गुरुजींचे निधन. १ जुलै १९९८, धुळ्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. २५ जुलै २००७, जळगाव जिल्ह्यात जन्मलेल्या प्रतिभाताई पाटील पहिल्या महिला राष्ट्रपती झाल्या. १५ ऑगस्ट १९९०, आज बहिणाबाईंचे नाव असलेले विद्यापीठ जळगावला सुरू झाले. ९ सप्टेंबर १९४२, नंदुरबारला शिरीषकुमार आणि त्याचे सोबती गोळीबारात हुतात्मा झाले. १७ ऑक्टोबर १९५५, मूळच्या शिरपूरच्या घरातल्या स्मिता पाटील यांचा जन्म. ३१ डिसेंबर १९२६, इतिहासाचार्य राजवाडे धुळ्यात गेले.

या यादीत जानेवारी, मार्च आणि नोव्हेंबर रिकामे आहेत. ते गावातल्या कागदांतून भरा. शाळेचा पहिला दाखला कोणत्या तारखेचा? वीज कधी आली? ग्रामपंचायतीची जुनी इतिवृत्ते, शाळेचा जनरल रजिस्टर, मंदिर-मशिदीवरचे शिलालेख, विहिरीवर कोरलेले साल, पतपेढीचा पहिला अहवाल, हे सगळे दिनविशेषाचे कच्चे सामान आहे. वयस्कर माणसे तारीख सांगत नाहीत, 'त्या साली पूर आला होता' असे सांगतात. ते तसेच लिहून घ्या, तारीख कागदातून शोधा. खाजगी माणसांच्या घरातल्या गोष्टी मात्र त्यांच्या संमतीशिवाय वहीत घेऊ नका.

आणि फलकाच्या तळाशी एक ओळ कायमची रंगवून ठेवा : 'चूक आढळल्यास पुराव्यासह कळवा.' कोणी कळवली आणि ती खरी निघाली, तर दुसऱ्या दिवशीच्या फलकावर पहिली ओळ त्या दुरुस्तीची असू द्या, कळवणाऱ्याची हरकत नसेल तर त्याच्या नावासह. वर्षभर असे चालले की गावातली माणसे फलक वाचून पुढे जाणार नाहीत, घरी जाऊन ताडून पाहतील.